लघवीच्या आणि जननेंद्रियांच्या तक्रारी : तज्ज्ञांकडे केव्हा आणि कोणाकडे जावे

लघवीची किंवा जननेंद्रियांची तक्रार सुरू झाली की आपल्याकडे माणसे सहसा दोन गोष्टी पाहून निर्णय घेतात : किती दुखते आहे आणि सांगायला किती लाज वाटते आहे. या दोन्हींचा आजाराच्या गांभीर्याशी फारसा संबंध नसतो. मूतखड्याची कळ माणसाला जमिनीवर लोळवते, पण पाच मिलिमीटरपेक्षा लहान खडा बहुतेक वेळा आपोआप पडून जातो. उलट मूत्राशयाच्या कर्करोगात लघवीवाटे येणारे रक्त पुष्कळदा अजिबात न दुखता येते आणि एक-दोन दिवसांत थांबतेही. वृषणातील कर्करोगाची गाठ दुखत नाही, पाळी कायमची गेल्यानंतर दिसलेला रक्ताचा डाग दुखत नाही, प्रोस्टेट, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी, वाढल्यामुळे मूत्रपिंडांवर हळूहळू येणारा ताणही दुखत नाही. म्हणून वेदना बाजूला ठेवून रक्त, ताप, अडलेली लघवी, गाठ आणि पुन्हापुन्हा उलटणारी तक्रार या खुणा क्रमाने कशा तपासाव्यात, ते पुढे दिले आहे. ज्यांना या विषयात पहिल्यांदाच डॉक्टर गाठायचा आहे, त्यांना समोर ठेवून हे लिहिले आहे.

पहिली पायरी : आत्ताच निघायचे आहे का, हे ठरवणे

काही तक्रारींमध्ये तज्ज्ञांची वेळ घेऊन दोन दिवसांनी जाण्याला अर्थच नसतो. तेथे थेट रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे लागते, आणि वाहनाची सोय नसेल तर महाराष्ट्रात व गोव्यात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

यातली सर्वांत घाईची आणि सर्वांत जास्त चुकणारी गोष्ट म्हणजे वृषणाला पीळ पडणे. वृषण ज्या दोरीसारख्या भागाने वर जोडलेले असते तो भाग स्वतःभोवती फिरतो, वृषणाचा रक्तपुरवठा तुटतो, आणि साधारण सहा तासांच्या आत पीळ सोडवला तरच ते वाचण्याची शक्यता चांगली असते. त्यानंतर ती झपाट्याने घटत जाते. हे बहुधा बारा ते अठरा या वयातील मुलांना होते, कधी खेळताना तर कधी चक्क झोपेत. मुलगा लाजेने फक्त 'पोटात दुखतंय' एवढेच सांगतो, एखादी उलटी करतो, आणि घरचे त्याला अपचन समजून ओवा देतात किंवा सकाळपर्यंत वाट पाहतात. माझा आग्रह असा आहे, की या वयाच्या मुलाच्या ओटीपोटात अचानक कळ आली तर वडिलांनी किंवा आईने त्याला आडपडदा न ठेवता विचारावे : गोटी दुखते आहे का, सुजली आहे का, एका बाजूची वर ओढल्यासारखी दिसते आहे का? उत्तर होकारार्थी असेल तर ज्या रुग्णालयात शस्त्रक्रियेची सोय आहे तेथे त्याच वेळी, मध्यरात्र असली तरी, न्यावे. 'आधी सोनोग्राफी करून या' असे कोणी सांगितले आणि सोनोग्राफी सकाळीच होणार असेल, तर तोपर्यंत थांबू नये.

लघवी पूर्ण अडणे ही दुसरी तातडी. ओटीपोट ताठ फुगलेले असते, जोराची लघवी लागलेली असते आणि थेंबही येत नाही. प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांमध्ये सर्दीच्या साध्या गोळ्यांनीही हे होऊ शकते. रुग्णालयात मूत्रमार्गातून नळी घातली की काही मिनिटांत आराम पडतो. त्याआधी पाणी पीत राहिल्याने त्रास वाढतो. लघवी अडण्याबरोबरच पाय बधिर झाले असतील, पायांतली शक्ती गेली असेल किंवा शौचाच्या जागेभोवतीची संवेदना हरवली असेल, तर कण्याच्या खालच्या भागातील मज्जातंतू दबल्याची शंका धरावी लागते, आणि तेथेही काही तासच हाताशी असतात.

थंडी वाजून ताप, कुशीत किंवा पाठीत एका बाजूला दुखणे आणि उलट्या ही लक्षणे एकत्र आली, तर जंतुसंसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोहोचला असण्याची शक्यता असते. ज्याला आधीपासून मूतखडा आहे त्याला असा ताप आला तर खड्याने अडवलेल्या मूत्रपिंडात पू साठत असू शकतो. त्यावर केवळ प्रतिजैविकांनी भागत नाही, अडलेली लघवी तातडीने मोकळी करावी लागते. एरवी खड्याच्या कळेला घरी थांबलेला माणूससुद्धा ताप दिसताच निघाला पाहिजे.

स्त्रियांमध्ये पाळी चुकलेली असताना किंवा नेहमीपेक्षा वेगळी आलेली असताना ओटीपोटात एका बाजूला दुखणे, चक्कर येणे, घाम फुटणे आणि कधीकधी खांद्याच्या टोकाशी दुखणे ही गर्भ गर्भाशयाऐवजी गर्भनलिकेत राहिल्याची लक्षणे असू शकतात. घरच्या चाचणीने गर्भ राहिला आहे एवढेच कळते. तो कोठे राहिला आहे, ते कळत नाही. कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झालेली आहे म्हणून ही शक्यता सोडून देऊ नये, कारण त्या शस्त्रक्रियेनंतर क्वचित गर्भ राहिलाच तर तो नलिकेत असण्याचा धोका अधिक असतो. याशिवाय दर तासाला पॅड पूर्ण भिजेल असा रक्तस्राव दोन तासांहून अधिक चालणे, लिंगाचा ताठरपणा चार तासांनंतरही न उतरणे, आणि मागे सरकवलेली शिश्नाची त्वचा पुढे न येता सुजत जाणे, या तिन्ही गोष्टींसाठी लगेच रुग्णालय गाठावे.

दुसरी पायरी : लघवीतील रक्त

डोळ्यांना दिसेल असे रक्त लघवीत एकदा जरी आले, तरी मूत्ररोगतज्ज्ञांना भेटायचे, या नियमाला मी अपवाद ठेवत नाही. आधी एवढी खात्री करावी, की आदल्या दिवशी बीट खाल्लेले नाही, क्षयरोगाची रिफाम्पिसिन ही गोळी चालू नाही (तिने लघवी नारिंगी-लाल होते) आणि ते पाळीचे रक्त नाही. यांपैकी काहीच नसेल तर रक्त आपोआप थांबले म्हणून समाधान मानू नये, कारण गाठ असली तरी रक्त अधूनमधूनच दिसते आणि मधले आठवडे लघवी अगदी स्वच्छ असते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्यांना 'गोळीमुळेच आले असेल' असे सांगून परत पाठवले जाते. गोळीमुळे रक्त वाहायला मदत होते हे खरे, पण ते जेथून वाहते ती जागा शोधावीच लागते.

बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी आणि चाळिशी ओलांडलेल्यांनी तर दिवस मोजूच नयेत, कारण धूम्रपान हे मूत्राशयाच्या कर्करोगाचे सर्वांत मोठे ज्ञात कारण आहे. रंग आणि रबराच्या कारखान्यांत वर्षानुवर्षे काम केलेल्यांनी आपले काम डॉक्टरांना आवर्जून सांगावे. स्त्रियांच्या बाबतीत वेगळीच अडचण होते : प्रत्येक वेळी 'लघवीचा संसर्ग' म्हणून प्रतिजैविके दिली जातात आणि मूळ कारणाचा शोध महिनोन्‌महिने लांबतो. कल्चर तपासणीत, म्हणजे लघवीतील जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहण्याच्या चाचणीत, जंतू सापडलेले नसताना रक्त येत असेल, तर संसर्गाचे औषध तिसऱ्यांदा घेण्याऐवजी दुर्बिणीने मूत्राशय आतून पाहण्याची तपासणी करावी का, असे थेट विचारावे. सोनोग्राफी चांगली आली तरी मूत्राशयातील अगदी लहान गाठ तिच्यातून निसटू शकते.

तिसरी पायरी : जळजळ आणि वारंवार लघवी

उन्हाळी लागली म्हणून धने-जिऱ्याचे पाणी, सब्जा किंवा वाळ्याचे पाणी घेणे आपल्या घरांत रूढ आहे, आणि निरोगी, गरोदर नसलेल्या स्त्रीने एखादा दिवस भरपूर पाणी पिऊन वाट पाहण्यात काही बिघडत नाही. मात्र दोन दिवसांत उतार नसेल तर कुटुंबाच्या डॉक्टरांकडे जावे. येथे बहुतेक वेळा तज्ज्ञांची गरज नसते. लघवीची साधी तपासणी आणि कल्चर यांवर काम भागते, फक्त ती नीट व्हायला हवी. जागा स्वच्छ धुऊन, सुरुवातीची थोडी लघवी सोडून देऊन मधली धार निर्जंतुक डबीत घ्यावी, डबी दोन तासांत प्रयोगशाळेत पोहोचवावी, आणि हे सारे प्रतिजैविकाचा पहिला डोस घेण्यापूर्वी करावे. घरात उरलेल्या जुन्या गोळ्यांपैकी दोन घेऊन नंतर नमुना दिला, तर जंतू वाढत नाहीत आणि अहवाल खोटा दिलासा देतो.

काही जणांच्या बाबतीत मात्र पहिल्याच वेळी अधिक खोलात जावे लागते. गरोदर स्त्रीच्या लघवीत जंतू सापडले तर लक्षणे नसतानाही उपचार करतात, कारण संसर्ग मूत्रपिंडात चढण्याचा आणि प्रसूती वेळेआधी होण्याचा धोका असतो. पुरुषाला मूत्रसंसर्ग झाला तर त्यामागे प्रोस्टेट, खडा किंवा अरुंद झालेला मूत्रमार्ग आहे का, ते पाहावे लागते. लहान बाळाला कारण न सापडणारा ताप येत असेल तर लघवी तपासलीच पाहिजे, आणि लहान मुलाची धार थेंबथेंब पडत असेल तर जन्मजात अडथळ्याची शक्यता असते. मधुमेह्यांनाही वाट पाहणे परवडत नाही. शिवाय ज्यांना मधुमेह असल्याचे ठाऊकच नाही अशा अनेकांना वारंवार होणाऱ्या बुरशीमुळे, जागेच्या खाजेमुळे किंवा शिश्नाच्या त्वचेला पडणाऱ्या भेगांमुळेच तो प्रथम कळतो, म्हणून अशा वेळी रक्तातील साखर तपासून घ्यावी.

सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा सिद्ध झालेला संसर्ग ही तज्ज्ञांकडे जाण्याची सर्वमान्य सीमारेषा आहे. आपल्या देशात आणखी एका गोष्टीची आठवण ठेवावी लागते. लघवीच्या अहवालात पू-पेशी सतत दिसतात, कल्चरमध्ये मात्र काहीच वाढत नाही, आणि वारंवार लघवीला जावे लागणे कमी होत नाही, असे चित्र मूत्रमार्गाच्या क्षयरोगात दिसते. तो वेळीच सापडला नाही तर मूत्रपिंड निकामी होऊ शकते आणि मूत्राशय आक्रसते. क्षयरोगाची औषधे सरकारी केंद्रांत मोफत मिळतात, तेव्हा चाचणीचा आग्रह धरण्यात संकोच करू नये.

बाजारात, बसस्थानकावर, शेतावर किंवा शाळेत दिवसभर स्वच्छतागृह मिळणार नाही म्हणून अनेक स्त्रिया सकाळपासून पाणीच पीत नाहीत. मुंबईत २०११ साली उभी राहिलेली 'राइट टू पी' चळवळ याच प्रश्नावर होती. अशा स्त्रीला 'पाणी जास्त पीत जा' एवढाच सल्ला देणे अपुरे आहे. तिच्या कामाची जागा आणि वेळा तपासणाऱ्या डॉक्टरांना कळल्या पाहिजेत.

चौथी पायरी : स्त्रियांच्या तक्रारी

अंगावरून पांढरे जाणे दर वेळी आजार असतो असे नाही. पाळीच्या मध्यावर पातळ, वास नसलेला स्राव येणे स्वाभाविक आहे. दह्यासारखा गठ्ठेदार, हिरवट-पिवळा किंवा माशासारखा वास येणारा स्राव, सोबत खाज, ओटीपोटात दुखणे किंवा ताप असेल तर तपासणी लागते. हा संसर्ग लैंगिक संबंधातून आलेला असेल तर जोडीदाराचाही उपचार एकाच वेळी झाला पाहिजे, नाहीतर तो पुन्हा उलटतो. जिल्हा रुग्णालयांत आणि वैद्यकीय महाविद्यालयांत यासाठी 'सुरक्षा क्लिनिक' असते. तेथे समुपदेशन व औषधे मोफत मिळतात आणि माहिती गुप्त ठेवली जाते.

रक्तस्रावाच्या बाबतीत दोन खुणांना मी सर्वांत वर ठेवीन. पाळी सलग बारा महिने बंद राहिल्यानंतर आलेला एक डागसुद्धा स्त्रीरोगतज्ज्ञांनी तपासायचा असतो, कारण बहुतेकींमध्ये कारण किरकोळ निघत असले तरी गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग नेमका याच रूपात आणि लवकरच्या टप्प्यावर दिसतो. 'पाळी परत आली' असे समजून आजीबाई गप्प बसतात, आणि घरात कोणाला कळतही नाही. दुसरी खूण म्हणजे संबंधानंतर येणारे रक्त. त्यात गर्भाशयाच्या मुखाची तपासणी व्हायलाच हवी. तक्रार नसली तरी तीस ते पासष्ट या वयातील स्त्रियांसाठी गर्भाशयमुखाची चाचणी सरकारी आरोग्य कार्यक्रमात समाविष्ट आहे. पाळी सात दिवसांहून अधिक चालणे, मोठ्या गाठी पडणे, दीडदोन तासांनी पॅड बदलावा लागणे किंवा धाप लागण्याइतके रक्त कमी होणे, तीन महिने पाळी न येणे, आणि पंधरा वर्षे पूर्ण होऊनही पहिली पाळी न येणे, यांसाठी ठरवून वेळ घेऊन जावे.

खोकताना-हसताना लघवी सुटणे आणि अंग बाहेर येणे ही दुखणी स्त्रिया अनेकदा दहा-दहा वर्षे अंगावर काढतात, बाळंतपणानंतर हे चालायचेच असे धरून. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम तज्ज्ञांनी किंवा फिजिओथेरपिस्टने नीट शिकवले तर पुष्कळ फरक पडतो, अंग बाहेर येण्यावर आधाराची रबरी कडी बसवता येते, आणि शस्त्रक्रिया हा त्यानंतरचा पर्याय आहे.

गर्भाशय काढण्याचा सल्ला मिळाला तर घाईने होकार देऊ नये. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांमध्ये या शस्त्रक्रियांचे प्रमाण फार मोठे असल्याचे पुढे आले आणि राज्य शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. नुसते पांढरे जाणे, कंबरदुखी किंवा 'पुढे कर्करोग होईल' ही भीती पिशवी काढण्याची कारणे ठरत नाहीत. नेमके निदान कोणते, औषधांनी प्रयत्न झाला का, अंडाशये ठेवणार की काढणार, हे विचारून दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांचे मत घ्यावे. ते मत शक्यतो सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातून घ्यावे.

पाचवी पायरी : पुरुषांच्या तक्रारी

पन्नाशीनंतर धार बारीक होणे, सुरू व्हायला वेळ लागणे, रात्री दोन-तीनदा उठावे लागणे हे वयाचे म्हणून सोडून दिले जाते. यातले पुष्कळसे प्रोस्टेटच्या साध्या वाढीमुळे असते आणि गोळ्यांनी आटोक्यात येते, पण लघवी झाल्यावरही पोट हलके न वाटणे, नकळत कपडे ओले होणे किंवा रक्ताच्या अहवालात क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम मंदावले की रक्तात साठणारा पदार्थ) वाढलेले दिसणे, यांपैकी काही असेल तर भेट पुढे ढकलू नये. वृषणात हाताला लागणारी कठीण, न दुखणारी गाठ पंधरा ते पस्तीस या वयातही गंभीर असू शकते. लवकर उपचार झाले तर हा कर्करोग बहुतेकांचा बरा होतो. अंडवृद्धी, म्हणजे पाणी भरून पिशवी मोठी होणे, हे गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, नागपूर या हत्तीरोगाच्या पट्ट्यात नेहमी दिसते आणि शस्त्रक्रियेने बरे होते. जन्मलेल्या मुलाची वृषणे सहा महिन्यांपर्यंत खाली उतरली नाहीत तर बालशल्यचिकित्सकांना दाखवावे.

लैंगिक दुर्बलतेच्या बाबतीत आपल्या तरुणांची जी फसवणूक होते तिचे मला फार वाईट वाटते. स्वप्नावस्थेत वीर्य जाणे हा आजार नाही, त्याने शक्ती जात नाही, आणि 'धात जाते' म्हणून भिंतींवरच्या जाहिराती वाचून महागडी पुडी घेण्याची गरज नाही. खरोखर ताठरता येत नसेल, विशेषतः चाळिशीनंतर, तर मधुमेह, रक्तदाब आणि हृदयाच्या रक्तवाहिन्या यांची तपासणी करावी, कारण ही तक्रार कधीकधी हृदयविकाराच्या आधी काही वर्षे दिसते. मूल होत नसेल तर एक वर्षाच्या प्रयत्नानंतर, आणि स्त्रीचे वय पस्तीस ओलांडले असेल तर सहा महिन्यांनंतर, दोघांनी मिळून तज्ज्ञांकडे जावे. वीर्यतपासणी स्वस्त, सोपी आणि पहिल्याच टप्प्यावर करायची असते, तरीही सुनेच्या तपासण्या वर्षभर चालतात आणि मुलाची एकही होत नाही.

सहावी पायरी : कोणाकडे जायचे

खडा, प्रोस्टेट, लघवीतील रक्त, अडथळा, वृषण आणि शिश्नाच्या तक्रारी यांसाठी मूत्ररोगतज्ज्ञ, म्हणजे युरॉलॉजिस्ट. ते शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर असतात आणि त्यांच्या पाटीवर एम.सीएच. किंवा डी.एन.बी. युरॉलॉजी असे लिहिलेले असते. लघवीला सतत फेस येणे, चेहऱ्यावर व पायांवर सूज, क्रिएटिनिन वाढणे यांसाठी मूत्रपिंडविकारतज्ज्ञ, म्हणजे नेफ्रॉलॉजिस्ट. या दोघांत गल्लत होऊन रुग्णांची फेरी वाया जाते. जननेंद्रियांवरील जखम, फोड किंवा चामखीळ त्वचा व गुप्तरोगतज्ज्ञांना दाखवावी. पाळी, गरोदरपण आणि स्राव यांसाठी स्त्रीरोगतज्ज्ञ आहेतच. तालुक्याच्या ठिकाणी युरॉलॉजिस्ट क्वचित मिळतो. अशा वेळी ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयातून संदर्भचिठ्ठी घेऊन पुण्याचे ससून, मुंबईचे केईएम किंवा नायर, गोव्यात बांबोळीचे गोवा मेडिकल कॉलेज अशा रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागात जाता येते. तेथे कोणत्या वारी कोणता विभाग चालतो ते आधी चौकशी करून निघावे.

सातवी पायरी : भेटीची तयारी

भेटीच्या आधीचे तीन दिवस एका वहीत किती वाजता लघवीला गेलो, मापाच्या जुन्या मगाने साधारण किती झाली, किती पाणी-चहा प्यायलो आणि कपडे ओले झाले का, हे लिहून ठेवावे. स्त्रियांनी शेवटच्या पाळीची तारीख आणि गेल्या तीन पाळ्या किती दिवस चालल्या, ते लिहावे. चालू असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत. त्यांत गुडघेदुखीसाठी दुकानातून घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या आणि काढे, भस्मे हेही आले, कारण काहींचा थेट मूत्रपिंडांवर परिणाम होतो. आधीचे अहवाल तारखेच्या क्रमाने लावावेत आणि सोनोग्राफीसाठी मूत्राशय भरलेले हवे का, हे फोनवर विचारून घ्यावे.

खोलीत गेल्यावर तक्रार पहिल्याच वाक्यात सांगावी. कंबर दुखते, भूक लागत नाही अशा आडवळणाने सुरुवात केली तर मूळ गोष्ट दार उघडून बाहेर पडताना सांगितली जाते आणि तेव्हा वेळ संपलेला असतो. सांगणे जमणार नसेल तर कागदावर लिहून तो कागद पुढे करावा. सासू, नवरा किंवा आईवडिलांसमोर बोलता येत नसेल तर काही मिनिटे एकटीने बोलायचे आहे असे डॉक्टरांना सांगावे. पुरुष डॉक्टर तपासणार असतील तर स्त्री परिचारिका किंवा सोबतची स्त्री हजर असावी, हा रुग्ण स्त्रीचा हक्क असून राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या रुग्णहक्क सनदेतही तो नोंदलेला आहे.

निघण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात : निदान काय वाटते, सांगितलेल्या तपासणीने पुढच्या उपचारात काय फरक पडेल, आणि पुढच्या तारखेपर्यंत न थांबता परत यावे असे कोणते लक्षण आहे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर चिठ्ठीच्या मागे मराठीत लिहून घ्यावे आणि घरातल्या आणखी एका माणसाला ते वाचून दाखवावे.